घुमटाची जागा

माझ्या थोरल्या भावाने बायबलमधल्या एका स्तोत्राला चाल लावली, तेव्हा आमच्या कॉयरमधल्या बायका सरळ वैतागल्या. चार पट्ट्यांतले आवाज एकमेकांना घासत जायचे, आणि मधेच सगळ्यांनी गप्प व्हायचं. त्या रिकाम्या जागेत फक्त घुमट, मडक्याच्या तोंडाला कातडं ताणून केलेलं आमचं वाद्य. "आमी गातव काय बंदरावर बांगड्यांचो लिलाव करतव?" म्हणत एक काकी तालमीतूनच उठली. भाऊ हसला. एकदा तरी इगर्जीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सगळ्या गावासमोर ते ऐकायचं, एवढीच त्याची हौस होती.

मला मात्र त्याने कधी सोडलं नाही. गप्प जागा संपायच्या आधीच माझा सूर निसटायचा. "गो, तू परत आदी इलंस! तुका खंयची गाडी पकडूची आसा?" पन्नाशीतल्या बहिणीवर चारचौघांत ओरडायचा! मग मी तणतणत घरी जायची आणि त्याच्याशी अबोला धरायची.

गावच्या फेस्ताला, इगर्जीच्या वार्षिक सणाला, गायचं ठरलं, आणि त्याआधीच घुमटवाल्याची आई गेली. दुखाचं, म्हणजे सुतकाचं वर्ष सरेपर्यंत आमच्यात त्या घरचे घुमटाला हात लावत नाहीत. ते अवघड ठोके दुसऱ्या कुणाला जमेनात. घुमटाशिवायच गाऊया म्हटलं, तर भाऊ म्हणाला, "मिठाशिवाय पेज जेवशात?" मग पुढल्या वर्षी बघू, फेस्त काय पळून जातं, असं सगळेच म्हणालो.

फेस्त कुठे पळालं! भाऊच गेला. दुखाचं वर्ष सरलं होतं, अंगणात घुमटाचं नवं कातडं उन्हात होतं, आणि हा खुर्चीतून उठलाच नाही.

मयताच्या मिसाला, दफनाआधीच्या प्रार्थनेला, काय गायचं, असं पाद्रींनी विचारलं. लिलाव म्हणणारी ती काकीच म्हणाली, "त्याचांच." पण मयताला घुमट कसं वाजणार? घुमटवाला मागच्या बाकावर हात बांधून बसला.

आम्ही गायलो. इतकं नीट कधीच गायलो नव्हतो, याचाच मला राग येत होता. हे एकदा कानांनी ऐकायचं होतं रे त्याला! ती रिकामी जागा आली. सगळी इगर्ज गप्प. माझ्याने धरवलं नाही. मी आधीच सुरू केलं.

माझ्या एकटीचा आवाज वर छपरापर्यंत गेला. मी त्याच्या शवपेटीकडे बघितलं. ओरड ना रे, मनात म्हटलं. काकीने माझा हात धरला, आणि बाकीचे आपापल्या वेळेवर आले.