आधी खा, मग भांडा

२०१७ साल. मी सत्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या गावात देवाला झापणारी एकच बाई होती. बायबलअक्का. औरादकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं चारच. त्यातली ही, बायकांना बायबल वाचून दाखवत हिंडायची. बांधावरून जाताना वर बघून ओरडायची, "कुठं लपलास रे? हाका मारून घसा बसला माझा!"

मी म्हटलं, "अक्का, देवाला असं बोलतेत का?"

"आमच्या पुस्तकात असली गाणी लई हायेत, अप्पा. देवा, विसरलास का मला, म्हणून रडलेली. रुसायला आपलं माणूसच लागतंय."

एका मयतीत नवे पास्टर सांगायला लागले, रडू नका, देवाची मर्जी. ही उठलीच. "पास्टर, दोस्त लाजर मेला तवा त्याच्या कबरीपाशी येशू सोता रडला. त्याला कामून न्हाई कुणी गप केलं?" तिचा नवरा, रिटायर झालेला बस ड्रायव्हर, मान खाली घालून बसला होता. बाकी सगळे मोकळे रडले.

त्याच साली माझी बायको गेली. आम्ही लिंगायत, माणसाला बसवून माती देतो. अक्कानंही मूठभर माती टाकली. म्हणाली, "मातीपुरतं तुमचं-आमचं एकच, अप्पा."

मी शेतातल्या बाभळीखाली जाऊन पडलो. सून भाकरी आणायची, मी कुत्र्याला घालायचो. ज्वारीची पेरणी टळायली होती, टळू दे म्हटलं. शिवा, आता मलाबी ने, एवढंच मागणं.

एक दिवस अक्का फडक्यात भाकर अन् जवसाची चटणी घेऊन आली. "तवा घासून घेतलाय, अंड्याचा वाससुदीक न्हाई. उठा."

मी कूस बदलली. कुणी उठ म्हटल्यावर उठणारा मी नव्हे.

ती खाली बसली. "झाडाखाली पडून मरण मागणारे तुमी पयले न्हाईत. एलिया म्हणून एक होता. देवाचा मोठा माणूस, तुमच्यावाणी हेकट. रानात झुडपाखाली पडला, म्हणाला, बस झालं, ने मला."

"मग?"

"मग काय! देव रागावला न्हाई. दूत पाठवून भाकर दिली, झोपू दिलं. परत उठवून परत खायला घातलं. म्हणाला, वाट लांब हाय, उपाशी झेपायची न्हाई."

"अन् देव सोता कवा बोलला?"

"लई मागून. तेबी बारीक आवाजात. आधी खा, अप्पा. मग भांडा त्याच्याशी, मी हाय संगं."

अर्धी भाकर खाल्ली. "चटणी तिखट झालीय," म्हटलं.

"मग पाणी प्या की," म्हणून हसली.

त्याच आठवड्यात मी तिफण धरली. माझ्या गळ्यातलं इष्टलिंग आजही गळ्यातच आहे. तिनं ते काढा असं कधी म्हटलं नाही.

मागच्या वर्षी चार दिवसांच्या तापात अक्का गेली. मी माती दिली. तिचा ड्रायव्हर नवरा अंगणात खुर्चीवर बसला तो उठेना. ताट पुढं आलं की तोंड फिरवायचा. "आता कुणासाठी जगू?" एवढंच बोलायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला चुलीपासून उठवलं. जन्मात पिठाला हात लावला नव्हता. भाकर जाड झाली, एका अंगानं करपली. सून हसू दाबत होती, हसू दे म्हटलं. फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या अंगणात गेलो, त्याच्या पायाशी जमिनीवर बसलो. त्यानं तोंड फिरवलं.

"मी केलीय," म्हटलं. "खाऊन मला शिव्या दे. मग दोघं मिळून वर बघून भांडू."

आणि पहिला तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला.