आमी हाव म्हणून

मला एक खोड आहे आणि ती जाता जात नाही. लग्नाची पत्रिका हातात आली की मी मुहूर्त नंतर बघते, आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते. जिंतूरच्या एका शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं लोक हसून सोडून देतात. लाल पेन पर्समध्ये असतोच. त्याच पेनानं मी माझ्या सख्ख्या भावाच्या कादंबरीचं जे केलं, ते मात्र हसून सोडण्यासारखं नाही.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. परभणीला कॉलेजात असताना त्यानं तीन मित्रांना जमवून रॉक बँड काढला होता. आमच्याकडं बँड म्हणजे लग्नातला. चुलते विचारायचे, "कुनाच्या वरातीत वाजवायलाव रे?" त्यात ड्रमवाला खरोखरच वरातीच्या बँडमधून आलेला, म्हणजे सांगायची सोयच नाही. पिंगळीला स्टेशनाजवळ एका रिकाम्या गोदामात त्यांची प्रॅक्टिस चालायची. रेल्वे आली की कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. तीनेक वर्षं टिकला बँड. मग एकाला पुण्यात नोकरी लागली, एकाचं लग्न झालं, आणि भावानं सोनपेठला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिटार दुकानात खिळ्याला टांगली.

पुढं एका दिवाळीत तो तीन जाड वह्या घेऊन माझ्याकडं आला. बँडवर कादंबरी लिहिली होती पठ्ठ्यानं! "अक्का, शुद्धलेखन तेवढं बघ," म्हणाला. "आनखी कुनाला दाखवली न्हाई."

मी बघितलं. कादंबरीतली पोरं थेट आमच्यासारखी बोलत होती. मला घामच फुटला. पुण्याला बी.एड. करत असताना मेसमध्ये मी एकदा 'जेवतेय'च्या जागी "मी जेवायलेय" म्हणाले होते, तर अख्खं होस्टेल वर्षभर मला 'जेवायलेय' म्हणूनच हाक मारत होतं. तेव्हापासून मी जीभ घासून घासून स्वच्छ केली. माझ्या भावाला कुणी तसं हसू नये, एवढंच माझ्या मनात होतं. देवाशपथ, एवढंच.

पहिल्याच वहीत ड्रमवाला म्हणतो, "जाऊ दे रेल्वे. ती बी आपल्यातच वाजवायलीय." मी केलं, "रेल्वेगाडी जाऊ दे. तीही आपल्यासोबत वादन करीत आहे." बँड मोडताना गाणारा म्हणतो, "मी चाललो न्हाई रे, मला न्यायलेत." त्याचं मी केलं, "मी जात नसून मला नेण्यात येत आहे." अशी नोटीस लावतात, बाई, तहसीलमध्ये! पण मला तेव्हा ते लय भारी वाटलं होतं.

आणि ती ओळ. गोदामाचा मालक विचारतो, इथं ऐकायला कुत्रं नाही, कुणासाठी एवढा धिंगाणा? तर बँडमधला एकजण सांगतो, "कुनी ऐकावं म्हणून न्हाई वाजवायलोत. आमी हाव म्हणून वाजवायलोत." मी 'हाव'ला गोल केला आणि समासात लिहिलं, 'हाव म्हणजे लोभ. अर्थाचा अनर्थ!' जन्मभर आमच्या घरात 'आम्ही आहोत'ला "आमी हाव की" म्हणणाऱ्या माणसांत वाढलेली मी. शेजारी नवं वाक्य दिलं, "आमचे अस्तित्व आहे म्हणून आम्ही वाजवतो." आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

भावानं वह्या चाळल्या. पानंच्या पानं लाल झाली होती. म्हणाला, "तू म्हणतीस तर बरोबरच असंल, अक्का." तसंच टाईप करून घेतलं आणि छापलं. टाईप झाल्यावर वह्या माझ्याकडंच परत आल्या होत्या. त्या मी पुढं उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत घातल्या. मुद्दाम नाही, पण घातल्या.

प्रकाशनाला परभणीत वाचनालयाच्या खोलीत पंधरा-वीस माणसं होती. बँडचे तिघेही आले होते. ड्रमवाल्यानं उत्साहानं पुस्तक उघडलं, स्वतःचं पान मोठ्यानं वाचायला लागला आणि मध्येच थांबला. "हे कोन बोलायलंय रे?" त्यानं विचारलं. "मी तर न्हाई." सगळे हसले. भाऊ हसला. मीही हसले. कुणी हसू नये म्हणून एवढं सगळं केलं होतं, आणि तिथं मीच हसले. बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाला, "ताई, आपण निघत आहोत ना?" मला वाटलं, चिडवतोय.

चिडवत नव्हता. त्या दिवसापासून तो माझ्याशी तसंच, पुस्तकी बोलतो. फोन केला की "बोला ताई, मी कामात आहे." भांडण नाही, अबोला नाही. राखीला येतो, ओवाळून घेतो. पण 'अक्का' गेली. पुन्हा लिहिलंही काही नाही त्यानं.

परवा आमच्या वर्गाच्या फळ्यावर, 'आवडलेली ओळ' लिहायच्या जागी, नववीतल्या एका मुलीनं ते अस्तित्वाचं वाक्य लिहिलं. खाली भावाचं नाव. मला विचारते, "मॅडम, बँडवाली पोरं असं बोलतेत का?" मी म्हणाले, "नाही गं. ते मी बोलले." तिला काही कळलं नाही.

घरी येऊन कागद घेतला. भावाच्या मूळ ओळी मीच खोडलेल्या, म्हणून आठवल्या तर त्या मलाच आठवणार होत्या. अकरा आठवल्या. निळ्या पेनानं लिहिल्या आणि रविवारी एसटीनं सोनपेठ गाठलं.

भाऊ एक मोबाईल खोलून बसला होता. मी कागद पुढं ठेवला. म्हणाले, "मी चुकले. फार चुकले. आठवल्या तेवढ्या आणल्यात." तो वाचत गेला, ओठ हलत होते. एका ओळीवर थांबला. काउंटरवरचा पेन घेतला आणि काहीतरी खोडलं. मी वाकून बघितलं. सवयीनं मी 'आम्ही हाव' लिहिलं होतं. त्यानं त्याचं 'आमी' केलं होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! म्हटलं, आता पहिल्यासारखं बोलेल.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हां, दुकानातच हाय की," तो म्हणाला. "आत्ता न्हाई यायलो रे. अक्का आलीय माझी." फोन ठेवला, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, आपण चहा घेणार ना?"

'घेते की रे, न घ्यायला काय झालं,' असं अगदी ओठावर आलं होतं. पण तोंडातून निघालं, "हो. घेईन."