बाटलीतलं देवभात

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं, पण पाऊस पडेल तर शपथ. झाडाचं पान हलत नव्हतं. असल्या कुंद हवेत मी माझी अब्रू कशी घालवली, आता काय सांगू तुम्हाला. पण सांगतो, सावकाश.

तेव्हा आम्ही काळेवाडीत राहायचो आणि पिंपरीतल्या एका लॅबमध्ये मी बाटल्या धुवायचो. त्या बाटल्यांत तिथल्या एक शिकलेल्या बाई देवभात वाढवायच्या. देवभात म्हणजे तळ्याकाठी आपोआप उगवणारं रानटी भात. त्याचा कोवळा तुकडा बाटलीतल्या घट्ट खळीवर ठेवला, की हिरवेगार फुटवे यायचे. बाटलीला जरा घाण राहिली तर सगळं नासायचं. माझी बाटली कधी नासली नाही. बाई म्हणायच्या, "तात्या, तुमचा हात लागला की मला काळजी नाही."

ऋषिपंचमी जवळ आली. त्या दिवशी उपासाला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. शेजारच्या गंगूवहिनी म्हणाल्या, "भावजी, कंपन्या आल्या, तळी बुजली. देवभात कुठं मिळंना."

"मिळंना? आमच्याकडं कपाटं भरलीत. बैलाचा पाय सोडा, त्याला मातीसुद्धा लागली नाही. पंचमीला वाटी घेऊन या, माझा शब्द."

शब्द गल्लीभर झाला. मीही कुणाला नाही म्हटलं नाही. मी मावळातला, भातात जन्म गेलेला. जेठात लावलेलं भात भादव्यात निसवणार, लोंबीला येणार, यात विचारायचं काय?

पंचमीला बघतो तर लॅबच्या फाटकावर बायकाच बायका, प्रत्येकीच्या हातात वाटी. बाई बाहेर आल्या.

"तात्या, हे काय?"

"थोडं देवभात द्या की, बाई. लोंब्या आल्या असतील ना आता?"

"अहो, बाटलीत कुठल्या लोंब्या? जरा वाढलं की आपण तोडून दुसऱ्या बाटलीत लावतो. रोज बघता की तुम्ही."

बघत होतो हो. मला वाटायचं, थंड खोलीमुळं पीक जरा मागं पडलंय.

बाईंना माझी दया आली. त्यांनी एक बाटली आणून बायकांना दाखवली. आत नखाएवढी हिरवी पाती. कुणी हात जोडले, कुणी म्हणालं, "काय लख्ख बाटली हाय."

"मी धुतलेली," मी म्हणालो. राहवलंच नाही. वर आणखी म्हणालो, "लोंबी नसंना का. बैलाचा पाय तरी लागलाय का याला?"

गंगूवहिनींनी रिकामी वाटी पदराखाली घेतली.

"लागला न्हाई कसा, भावजी? रोज बाटल्या धुवायला कोण येत हुतं?"