हॅनाच्या वहीतलं वाक्य

सत्तावीस वर्षं झाली, मी बुऱ्हाणपूरला शाळेत गणित शिकवतेय. भूत, अंगात येणं, दृष्ट लागणं... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. वर्गात कोणी तसलं बोलायला लागलं तर त्याला चांगलंच झापते. तरीही हे लिहितेय, कारण दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात जे घडलं ते मी कितीही वेळा आठवून पाहिलं तरी कुठेच बसत नाही.

आमचं घर लालबागला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. वर मी एकटी राहते. खालच्या दोन खोल्यांत आई राहायची. ती गेल्यावर वर्षभर त्या खोल्यांना कुलूपच होतं. मग ओळखीच्या पाद्रीबाबांनी विचारलं, फिनलंडचं एक मिशनरी कुटुंब येतंय, खोल्या द्याल का? मी हो म्हटलं.

नवरा मिकाएल, बायको हॅना आणि पाच वर्षांची लुमी. मिकाएल कृत्रिम पाय बनवायचा. चर्चच्या छोट्या दवाखान्यात त्याचं काम होतं. गल्लीत कुजबुज झालीच. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं की हे लोक धर्म बदलायला तर नाही ना आले? मी सरळ मिकाएललाच विचारलं. तो रागावला नाही. म्हणाला, येशूवर माझी श्रद्धा आहे, कोणी विचारलं तर सांगेन, पण इथे मी पाय बसवायला आलोय. पुढे त्याच काकूंच्या दिराला त्याने पाय बसवून दिला... मग कुजबुज आपोआप थांबली.

हॅनाचे मात्र हाल होते. रोज दूध उतू जायचं, मुंग्यांनी पीठ पोखरलेलं, पाणी कधी येईल ते कळायचं नाही. मी तिला संध्याकाळी मराठी आणि हिंदी शिकवायचे. पोरगी हुशार. भाजीवाली, दूधवाला, कोणाच्याही तोंडचं काही ऐकलं की जसं कानावर पडलं तसं वहीत इंग्रजी अक्षरांत उतरवायची आणि मला अर्थ विचारायची. पण उन्हं तापली तशी लुमीचं खाणंच सुटलं. एप्रिलमध्ये हॅना माझ्यासमोर रडली. म्हणाली, जूनमध्ये आम्ही परत जाऊ बहुतेक. आणि मिकाएलकडे तर पायासाठी थांबलेली माणसं होती, त्यांना काय सांगायचं हेच त्याला कळत नव्हतं.

मे महिन्यातल्या त्या दिवशी मी सकाळीच पेपर तपासायला गेले होते. मिकाएल बहादरपूरला एका पेशंटकडे. निघताना मीच हॅनाला बजावलं होतं, लू चालते, गरम वारा आत येईल, दारं-खिडक्या गच्च लावून घे. तिने लावली. दाराला आतून बोल्टही घातला. बाराला लाईट गेली, कूलर थांबला. समोरचे पॉवरलूमही बंद पडले, म्हणजे गल्ली एकदम मुकी. मायलेकी झोपल्या.

पुढचं हॅनाने सांगितलेलं.

अंगावर वारा आला म्हणून तिला जाग आली. दार सताड उघडं. लुमीच्या पायाशी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती आणि ठेचलेला कांदा तिच्या तळपायांना चोळत होती. लुमीचा चेहरा लालबुंद, अंग कोरडं तापलेलं, डोळे अर्धवट उघडे... हाक मारली तरी ओ नाही. हॅनाला वाटलं, शेजारची कोणी आजी असेल. घाबरायलाही वेळ नव्हता. म्हातारीने माठाकडे बोट दाखवलं. हॅनाने चादर भिजवून पोरीला गुंडाळलं. मग म्हातारीने दाराकडे हात केला. हॅना लुमीला उचलून बाहेर धावली. समोरच्या रफीकभाईंनी लगेच गाडी काढली.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर कठीण होतं. मी पोचले तेव्हा लुमीला सलाईन लागलं होतं. तिचे पाय पुसताना नर्स विचारत होती, कांदा कोणी लावला? वास मलाही आला.

त्या आजी कुठे राहतात, असं हॅना सारखं विचारत होती. तिला आभार मानायचे होते. मी गल्लीत घरोघर विचारलं. रफीकभाई लाईट गेल्यापासून बाहेर खाटेवरच बसले होते. त्यांनी शपथेवर सांगितलं की तुमच्या घरात ना कोणी गेलं, ना या मायलेकींशिवाय कोणी बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी लुमी पेज प्यायली. हॅना जरा शांत झाली होती. तिने वही उघडून माझ्यासमोर धरली.

"मॅडम, त्या आजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. विसरू नये म्हणून इथे येऊन लिहिलं. त्यांना कढी हवी होती का? आणि ही भिंगरी कोण?"

मी वाचलं. अक्षरं इंग्रजी, पण बोली आमची, खानदेशी...

"भिंगरीले सांग, कडीचं मनमा ठेवू नको."

भिंगरी म्हणजे मी. लहानपणी एका जागी बसायचे नाही म्हणून आई म्हणायची, तेही आम्ही दोघीच असलो तर. चारचौघांत मी कुंदाच.

आणि कडी... शेवटच्या वर्षी आईला विसर पडायला लागला होता. घरातून निघून जायची. दोनदा स्टेशनवरून आणली. म्हणून शाळेत जाताना मी बाहेरून कडी लावायचे. मे महिन्यात अशीच एका दुपारी लाईट गेली. मी परत आले, खिडकीतून पाहिलं तर आई आत दारापाशी पडलेली होती. मी आधी हळूच कडी काढून ठेवली आणि मग लोकांना हाका मारल्या. सगळ्यांना सांगितलं, दार उघडंच होतं, चक्कर येऊन पडली असेल. इंदूरहून आलेल्या धाकट्या भावालाही हेच सांगितलं.

त्या वॉर्डात, सलाईनच्या स्टँडशेजारी, मी हे सगळं पहिल्यांदा कोणालातरी सांगितलं. हॅनाला सगळे शब्द कळले नसतील. ती माझा हात धरून बसून राहिली.

मिकाएलला मी नंतर विचारलं, तुमच्या धर्मात याला काय म्हणतात? तो म्हणाला,

"आम्हाला शिकवलंय की मेलेली माणसं अशी येत नाहीत. पण माझी मुलगी जिवंत आहे. मी देवाचे आभार मानले... आणि तुमच्या आईचेही."

जूनमध्ये ते परत गेले नाहीत. लुमी आता शाळेत जाते, घरी आईबापांशीही हिंदीत भांडते.

दिवाळीला भाऊ आला तेव्हा मी मन घट्ट करून त्याला सगळं सांगितलं, वहीतलं पानही दाखवलं. तो ओरडेल, निघून जाईल, मी कशालाही तयार होते. तो खाली मान घालून म्हणाला, "कडीचं मला माहीत होतं, ताई. आई फोनवर सांगायची. पोरगी बिचारी कडी लावते आणि दिवसभर जीव टांगून शाळेत बसते, म्हणायची. तू विषय काढला नाहीस, मग मीही नाही काढला."

मला रडू आवरेना. तो पान हातात घेऊन पुन्हा वाचत होता. मग त्याने वर बघितलं.

"पण ताई... ही भिंगरी कोण?"

सख्ख्या भावाला जे नाव ठाऊक नव्हतं, ते फिनलंडहून आलेल्या बाईने त्या दुपारी कोणाच्या तोंडून ऐकलं? मला आजपर्यंत कळलेलं नाही.