तळातली टोपली

राहात्याहून मी निघाले ती पोरीला, सारिकाला, परत आणायला. दीर म्हणाले होते, "वहिनी, मासे मोजायला शिकवली का तिला? रविवारी तिला बघायला पाहुणे येतायत. घेऊनच या." म्हटलं, आणते.

तुम्हाला जायचं असलं तर वाट सांगते. राहाता-नगर-पुणे एसटी, मग स्वारगेटवरून दापोलीची. बायांना अर्धं तिकीट आहे. घाटात पुढं बसा, मागं पोट ढवळतं. भाकरी बांधून न्या, थांब्यावरचा वडापाव मला बाधला. दापोलीहून बंदराला दुसरी गाडी. बंदराचं नाव लिहीत न्हाई.

सारिकानं बांगड्याचं कालवण केलं होतं. झकास. दोन घास खाल्ले आणि म्हटलं, "बॅग भर."

"उद्या माझं काम बघ, मग बोल," ती म्हणाली.

सकाळी वाळूवर गेलो. ट्रॉलर म्हणजे मोठी बोट, समुद्राच्या तळाला जाळं ओढत नेते. पाहिजे असते कोळंबी, पण सोबत नको ते सगळं येतं. चांगली मासळी लिलावाला जाते, बाकीचा ढीग कोंबडीखाद्याच्या कारखान्यात. सारिकाची नोकरी मासळीच्या पाहणीची: त्या ढिगातली एक टोपली घ्यायची, निवडायची, वजन करायचं, पट्टीनं मोजायचं आणि लिहायचं. वाढायच्या आधीच किती पिल्लं मेली, ते त्यावरून कळतं.

तांडेलानं, म्हणजे बोटीच्या म्होरक्यानं, टोपली आणून ठेवली. सारिका निवडायला बसली. मी बघत होते. वीस वर्षं मी पेरूच्या बागेत क्रेट भरते. वर देखणा थर, खाली किडकं आणि बारकं. आम्हीच लावतो. मला कोण फसवणार?

"सारे, ही वरची टोपली हाय. तळातून काढ."

"आई, ते देतील ती घ्यायची. माझ्या आधी या कामावर होते ते सगळे तशीच घ्यायचे."

"मंग तुला पगार कशाचा? टोपली उचलायचा?"

तांडेल हसला. "मावशी, घाटावरून आमाला मासळी शिकवायला आलात? तुमच्याकडं समुद्र तरी हाय का?"

"न्हाई. ढीग हायेत. बारकं खालीच जातं, कांदा असू दे न्हाईतर मासा."

त्याचं हसू गेलं. "तळाला हात लावला, तर उद्यापासून ही पोर माझ्या बोटीपाशी दिसायची न्हाई."

काम गेलं तर पोरगी आपसूक घरी येणार होती. त्यासाठीच तर मी आले होते. आता गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं.

"काढ," मी म्हटलं.

सारिकानं टोपली परत ढिगात उपडी केली. वरून, मधून, मग कोपरापर्यंत हात घालून तळातून घेतलं. रुपयाएवढी पापलेटं निघाली. बोटाएवढी सुरमई. टोपली भरून.

"लिही, लिही," तांडेल म्हणाला. "धंदा बंद पडला की आमच्या पोरांना तू जेवू घाल."

"काका, ही आत्ताच मारली तर तुमच्या पोरांना धरायला काय उरंल?"

"उद्या यायचं न्हाई."

"सहाला येते," सारिका म्हणाली आणि पट्टी लावायला लागली.

दुपारी बॅग मी भरली. माझी.

पहाटे घरी पोचले, तर दीर दारातच होते. "पोरगी कुठंय?"

"कामावर."

"पाहुण्यांना काय सांगू?"

"सांगा, अंगाला मासळीचा वास येतो. चालत असलं तर बंदरावर जाऊन बघा म्हणावं."

त्याच सकाळी सारिकाचा फोन आला. तांडेलानं वाट अडवली होती. ती शेजारच्या बोटीच्या ढिगापाशी बसली. तिथंही तळापासून घेतलं. म्हणून नाव लिहिलं न्हाई बंदराचं. तिला तिथं रोज जायचंय.

मी बागेवर गेले. मुकादम ओरडला, "मावशी, वरचा थर नीट लावा."

भरलेला क्रेट मी उपडा केला. हाताला येतील तसे पेरू भरले. बारका, मोठा, डागी.

"हे काय?"

"जे हाय ते," म्हटलं, आणि दुसरा क्रेट ओढला.