आधी सांगून

काल बंदरावर एक होडी भर दुपारीच परत आली. होडी चालवणारे तांडेल हिराजीभाऊ जाळी उतरवत होते. मी विचारलं, "आज इतक्या लवकर?"

त्यांनी होडीतल्या छोट्या यंत्राकडे बोट दाखवलं. "सकाळीच निरोप आला. उपग्रहाचं काम काढलंय, दुपारनंतर हे जागा नीट दाखवणार नाही. आमच्या वाटेत खडक आहेत. म्हटलं, आधीच फिरू." यंत्रावर सकाळी वाहिलेलं झेंडूचं फूल तसंच होतं.

मी त्या फुलाकडे बघत राहिलो. निवृत्त होईपर्यंत मी याच उपग्रहांचा कारभार पाहणाऱ्या कचेरीत होतो, बैठकांची इतिवृत्तं लिहायचो. एका बैठकीत आमच्या नलिनीताई एका वाक्यावर अडून बसल्या होत्या. दुरुस्ती काढण्याआधी सगळ्यांना कळवलंच पाहिजे, असं ते वाक्य. "वाट दाखवणाऱ्यानं न सांगता दिवा मालवू नये," त्या म्हणाल्या. जेवणाची वेळ टळून गेली, पण त्या हटल्या नाहीत आणि वाक्य नियमांत गेलं. उपग्रह झेपावला तेव्हा आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. या वाक्याला कोणी टाळी दिली नाही.

"जो कोण आधी सांगतो ना, त्याचं भलं होवो," असं म्हणत हिराजीभाऊंनी चार बांगडे माझ्या पिशवीत टाकले.

घरी येऊन नलिनीताईंना फोन केला आणि तो आशीर्वाद पोचवला. बांगड्यांचं मात्र बोललो नाही. त्या बैठकीत 'हे वाक्य गाळू या' म्हणणारा मीच होतो.