आक्काच्या फणसावरचं दगडफूल

माझी थोरली बहीण आक्का बेळगुंदीचं घर सोडून पुण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार हे ठरलं, तेव्हा तिचं अंगणच छोटं करून तिच्याबरोबर द्यायचं मी मनावर घेतलं. पुठ्ठ्याची घरं करायचा नाद मला जुनाच. बायको त्याला रिकामे उद्योग म्हणते.

घर, गोठा, विहीर झाली. राहिला दारातला फणस. प्लास्टिकची पानं लावून बघितली, पण तो फणस काही वाटेना. झाडांच्या सालीवर करडं-हिरवं दगडफूल उगवतं, आपण मसाल्यात घालतो त्याचंच भावंड. तारेच्या फांद्यांना ते चिकटवलं की झाड झालं. पण ते आक्काच्याच फणसावरचं हवं, हा माझा हट्ट. फोनवर एवढंच सांगितलं, की रविवारी तुझा फणस बघायला येतोय, सालीचं काम आहे.

रविवारी अनगोळातून स्कूटर काढून गेलो. बघतो तर खोड काथ्यानं घासून लख्ख केलेलं, वर चुन्याचे आणि गेरूचे पट्टे.

"लई बुरशी धरलीती रं," आक्का म्हणाली. "तू बघायला येणार म्हटल्यावर तसंच ठेवू व्हय?"

मला असा राग आला! पण तिची चुन्यानं उललेली बोटं दिसली आणि तो टिकला नाही.

तिचा हात पोचला नव्हता तिथून वर मात्र सगळं शाबूत होतं. साठी उलटलेला मी शिडीवर चढलो. ती खालून एका हातानं शिडी धरून "पडशील, उतर की रं" म्हणत होती आणि दुसऱ्या हातानं पदर पसरून खरवडलेलं झेलत होती. पिशवीभर मिळालं.

घरी ते निवडून, ग्लिसरीन घातलेल्या कोमट पाण्यात दोन दिवस भिजवलं. तसं केलं की वाळल्यावर त्याचा चुरा होत नाही. मग एकेक तुकडा फांदीला लावत बसलो. इतक्या मायेनं मी दुसरं काही केल्याचं आठवत नाही.

ती निघायच्या आदल्या दिवशी ते अंगण तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं बोटानं फणस हलकेच दाबून बघितला.

"ह्याला पाणी किती घालायचं?"

"काहीच नाही आक्का. वर्षानुवर्षं असाच राहतोय."

"खत न्हाय? आळं न्हाय?"

"न्हाय."

तिनं ते अंगण मांडीवर फिरवून सगळीकडून बघितलं. मला वाटलं, खूश झाली.

"मग तितं मी दिवसभर काय करू रं?"